एका फॉर्मवर तीन बटणं: दिल्लीत खर्च किती येतो?

दिल्लीतल्या मराठी मंडळाचा फॉर्म आता कागदावर चालत नाही, याचं कारण भूगोलात आहे. पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, पण सभासद द्वारकेपासून नोएडापर्यंत आणि गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत पांगलेले. गणपतीची वर्गणी, कोजागरीची नावनोंदणी, मुलांची चित्रकला स्पर्धा, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी या सगळ्यासाठी वेबसाइटवरचा फॉर्म लागतो. मग कार्यकारिणीत कोणीतरी म्हणतं, ‘फॉर्म अर्धा भरून ठेवता आला पाहिजे.’ दुसरं कोणी म्हणतं, ‘तिथेच पैसेही भरता यावेत.’ म्हणजे एका फॉर्मवर तीन बटणं झाली: जतन करा, पाठवा, पैसे भरा. इथून खर्चाला पाय फुटतात.

फॉर्म बनवून घेणाऱ्याला वाटतं, एक बटण जास्त लावायला असा किती वेळ लागणार? बटण दिसायला पाच मिनिटं लागतात, हे खरं. पैसे लागतात ते दाबल्यावर काय होणार हे ठरवायला, लिहायला आणि तपासायला. म्हणून दरपत्रक मागताना ‘फॉर्मचे किती?’ असं विचारू नये. ‘प्रत्येक बटणाचे किती तास?’ असं विचारावं. या एका प्रश्नावर समोरचा माणूस काम जाणतो की नाही, हे बऱ्यापैकी कळतं.

बटणांचा अर्थ न ठरवता फॉर्म लोकांसमोर ठेवला तर काय होतं, याचा देशातला सर्वांत मोठा धडा दिल्लीतूनच चालणाऱ्या पोर्टलवर मिळाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र भरताना ‘सेव्ह’, ‘सबमिट’ आणि ‘फाइल’ या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. ‘सबमिट’ दाबलं की आकडे गोठायचे, दुरुस्ती बंद. विवरणपत्र मात्र तेव्हाही दाखल झालेलं नसायचं, कारण कर चुकता करून ‘फाइल’ करणं बाकी असायचं. चुकीच्या आकड्यासह ‘सबमिट’ दाबलेला व्यापारी धड पुढे जाऊ शकत नव्हता, धड मागे येऊ शकत नव्हता. अखेर २०१८ मध्ये ‘रीसेट’ची सोय द्यावी लागली. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात आजही अशीच एक पायरी आहे: सबमिट केल्यावर ई-व्हेरिफाय केलंच नाही, तर सारी मेहनत वाया. सरकारी पोर्टलला हे परवडतं, कारण लोकांना दुसरीकडे जाता येत नाही. मंडळाच्या फॉर्मवर असा गोंधळ झाला, तर चिटणिसांचा फोन वाजत राहतो.

आधी फुकटचा पर्याय

गुगल फॉर्मला पैसे पडत नाहीत, आणि निम्म्याअधिक गरजा तिथेच भागतात. त्याला स्वतःची वेगवेगळी ‘सबमिट’ बटणं लावता येत नाहीत, ही त्याची मर्यादा. पण भरणारा गुगल खात्यात लॉगिन असेल, तर अर्धवट भरलेला फॉर्म आपोआप ३० दिवस जपला जातो. म्हणजे ‘जतन करा’ हे बटण कित्येकदा गरजेचंच नसतं. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ अशी दोन बटणं हवी असतील, तर फॉर्ममध्ये एक प्रश्न घाला, काम झालं. वर्गणी यूपीआयच्या क्यूआर कोडवर घ्या आणि व्यवहार क्रमांक फॉर्ममध्ये लिहायला सांगा. शंभर-दीडशे कुटुंबांच्या मंडळाला एवढं पुरतं. खजिनदाराला बँकेचा उतारा समोर ठेवून नावं जुळवत बसावं लागतं, हीच काय ती किंमत.

याच्या एक पायरी वर जायचं, तर स्वतःच्या रूपाचं पान बनवून मागे गुगलची शीट आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट जोडता येते. साधं पान ठेवायला नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी फुकट जागा मिळते, सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. नाक्यावरचा वेबवाला ‘एसएसएल’चे वेगळे पैसे लावत असेल, तर एवढं नाव घेतलं तरी आकडा खाली येतो. साध्या गुगल खात्यातून अ‍ॅप्स स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवू देते, हे मात्र ध्यानात ठेवा. शेवटच्या तारखेला गर्दी झाली, तर एकशेएकाव्या माणसाला पोच जाणार नाही.

बटणागणिक हिशेब

खाली दिलेले तास हा माझा अंदाज आहे, आणि तो जरा सढळ हाताने धरलेला आहे, कारण घाईत केलेलं काम पुढे दुप्पट पैसे खातं. दर प्रत्येकाचा वेगळा. एकट्याने काम करणारा विद्यार्थी, नोकरी सांभाळून रात्री काम करणारा अभियंता आणि नोएडातली कंपनी यांच्या दरांत काही पटींचा फरक पडतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून तासाला ८०० रुपये धरू. तुमचा दर वेगळा असेल, तर गुणाकार बदला.

साधा फॉर्म, दहा-बारा रकाने, एक ‘पाठवा’ बटण आणि पोचपावती: १० तास. म्हणजे ८,००० रुपये.

‘सदस्य जोडा’ हे बटण, ज्याने कुटुंबातल्या पुढच्या माणसाची ओळ उघडते: ४ तास. हे निरुपद्रवी दिसणारं बटण सर्वांत जास्त फसवतं. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आतल्या बटणाचा टाइप लिहिला नाही, तर ब्राउझर त्याला ‘सबमिट’ समजतो. मग घरातल्या आजींचं नाव भरायला कोणी ‘सदस्य जोडा’ दाबलं, की अर्धा फॉर्म थेट मंडळाकडे. दुरुस्ती एका शब्दाची आहे. ती आधीच झालेली असावी, तिचे वेगळे पैसे देऊ नयेत.

‘जतन करा’: इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींच्या किमतीत मोठी दरी. मसुदा भरणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये ठेवला, तर ३ तासांत होतं. पण मोबाइलवर भरलेलं लॅपटॉपवर दिसणार नाही, आणि सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक संगणकावर भरलं असेल, तर पुढच्या माणसाला तुमचा पत्ता-फोन दिसेल. मसुदा सर्व्हरवर ठेवला, तर हे दोन्ही प्रश्न सुटतात, मात्र माणूस ओळखण्यासाठी लॉगिन किंवा ओटीपी लागतो. १२ तास धरा. ओटीपी एसएमएसने पाठवायचा, तर टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी आणि तिचं शुल्क, वर प्रत्येक एसएमएसचे पैसे. छोट्या मंडळाने या वाटेला जाऊ नये. ईमेलवर दुवा पाठवला तरी काम भागतं.

‘पैसे भरा’: १४ तास. यात पेमेंट गेटवे जोडणं, पावती बनवणं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पैसे खरंच आले का, हे गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला कळण्याची सोय. मेट्रोत बसून पैसे भरणाऱ्याचं नेटवर्क राजीव चौकाच्या आसपास गेलं आणि पान बंद झालं, तर पैसे कापले गेलेले असतात, पण ‘धन्यवाद’चं पान आलेलं नसतं. ही सोय नसेल, तर मंडळाच्या यादीत तो माणूस ‘बाकी’ दिसतो आणि भांडण सुरू होतं.

‘पुसा’ किंवा ‘रीसेट’: शून्य तास, कारण हे बटण लावूच नका. ‘पाठवा’च्या शेजारी ते ठेवणं म्हणजे वीस मिनिटांचं टंकलेखन एका चुकलेल्या बोटाच्या हवाली करणं.

आता बेरीज. फॉर्म, ‘सदस्य जोडा’, ब्राउझरमधलं ‘जतन करा’ आणि तपासणीचे ६ तास मिळून २३ तास, म्हणजे १८,४०० रुपये. हाच फॉर्म सर्व्हरवरचा मसुदा, पैसे भरणं आणि १० तास तपासणी यांसह ५० तासांवर जातो, म्हणजे ४०,००० रुपये. दोन्हींच्या मधला २१,६०० चा फरक पाहा. तो जवळजवळ पूर्णपणे दोन बटणांचा आहे.

तपासणीचे तास वेगळे लिहायला लावा. दरपत्रकातून सर्वांत आधी गळतात ते हेच.

काम बरोबर झालंय का, हे कसं ओळखायचं

यासाठी जावास्क्रिप्ट यायला नको, पण ती काय करते एवढं माहीत असावं. फॉर्मवर कोणतंही ‘सबमिट’ बटण दाबलं, की ब्राउझर एक घटना उठवतो. प्रोग्राम लिहिणारा ती घटना पकडतो, ब्राउझरला थांबवतो आणि विचारतो, ‘कोणतं बटण दाबलं गेलं?’ याचं उत्तर घटनेच्या ‘सबमिटर’ या गुणधर्मात मिळतं. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, सफारीत २०२२ मध्ये आला. म्हणजे घरातल्या ज्येष्ठांच्या हातात जुना आयफोन ६ असेल, तर तिथे हा गुणधर्म नाही. त्यासाठी पर्यायी वाट लिहिलेली असावी. नाहीतर ‘जतन करा’ आणि ‘पैसे भरा’ यांतला फरकच प्रोग्रामला कळत नाही.

खरं तर बरंचसं काम जावास्क्रिप्टशिवायही होतं. प्रत्येक बटणाला नाव आणि मूल्य दिलं, तर दाबलेल्या बटणाचंच नाव सर्व्हरकडे जातं. बटणाला ‘फॉर्मअ‍ॅक्शन’ दिलं, तर तो फॉर्म वेगळ्या पत्त्यावर पाठवता येतो. ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ दिलं, तर रिकाम्या रकान्यांबद्दल कुरकुर न करता मसुदा जतन होतो. या सोयी एचटीएमएलमध्येच आहेत. त्या न वापरता कोणी मोठं फ्रेमवर्क आणून दोन आठवड्यांचं काम सांगत असेल, तर ‘फ्रेमवर्क कशासाठी?’ एवढंच विचारा. उत्तर पटण्यासारखं असेलही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी स्वतः बसून पुढची तपासणी करा. घरच्या घरी अर्ध्या तासात होते.

पहिल्या रकान्यात नाव टाकून एंटर दाबा. ब्राउझर फॉर्ममधलं क्रमाने पहिलं ‘सबमिट’ बटण दाबलं, असं धरतो. ते पहिलं बटण ‘पैसे भरा’ असेल, तर नाव लिहिताच माणूस थेट गेटवेवर पोहोचेल. सर्वांत निरुपद्रवी बटण क्रमाने पहिलं असावं, मग पानावर ते कुठेही दिसो.

‘पाठवा’ भराभर दोनदा दाबा. यादीत एकच नोंद आली पाहिजे. यावर कच्चा माणूस एक सोपा उपाय करतो: क्लिक होताच बटण निकामी करतो. त्यात खोच अशी की निकामी बटणाचं नाव सर्व्हरकडे जातच नाही, आणि काही वेळा फॉर्मच जात नाही. बटण ‘सबमिट’च्या घटनेत, त्याचं नाव टिपून घेतल्यावर बंद करायचं असतं. आणि खरा बंदोबस्त सर्व्हरवर: प्रत्येक फॉर्मला एक क्रमांक, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नकार.

मोबाइलचं इंटरनेट बंद करून ‘पाठवा’ दाबा. भरलेली माहिती जागेवर राहून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा निरोप आला पाहिजे. पान पांढरं झालं, तर काम अपुरं आहे.

नाव देवनागरीत भरा. दिल्लीत फॉर्म बनवणारे बहुतेक नावाच्या रकान्यावर फक्त रोमन अक्षरांची अट घालतात. ‘मराठीही चालू दे’ म्हटलं की ‘कोणत्याही भाषेतलं अक्षर’ अशी अट टाकतात, आणि तरीही ‘कुलकर्णी’ नाकारलं जातं. कारण युनिकोडच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत ही ‘अक्षरं’ नव्हेत, ‘चिन्हं’ आहेत, त्यांना वेगळी परवानगी लागते. ‘कमल’ जाते, ‘सुमित्रा’ अडते. असं दिसलं की रोग लगेच ओळखा. मग यादी एक्सेलमध्ये उघडून पाहा. नावांच्या जागी गिचमिड दिसली, तर सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण घालायला सांगा, तो पाच मिनिटांचा बदल आहे.

कर आणि गेटवेचा वाटा

वेबसाइटच्या कामावर जीएसटी १८ टक्के. ४०,००० च्या कामावर ७,२०० वाढून ४७,२०० होतात. पण हा कर नोंदणी असलेल्यानेच घ्यायचा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केली नसेल, तर त्याला बिलावर जीएसटी लावता येत नाही. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहायची सवय ठेवा: ०७ दिल्ली, ०९ उत्तर प्रदेश म्हणजे नोएडा-गाझियाबाद, ०६ हरियाणा म्हणजे गुरुग्राम-फरीदाबाद. मंडळ दिल्लीत आणि काम करणारा नोएडात असेल, तर बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या ९ अधिक ९ टक्क्यांच्या जागी आयजीएसटी १८ टक्के दिसेल. रक्कम तीच, घाबरायचं कारण नाही. क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतं.

पेमेंट गेटवेचा नेहमीचा दर व्यवहाराच्या सुमारे २ टक्के आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. ५०० रुपयांच्या वर्गणीतून ११ रुपये ८० पैसे जातात, हजारातून २३ रुपये ६० पैसे. दोनशे कुटुंबांनी हजार-हजार भरले, तर ४,७२० रुपये. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेता येत नाही. तरी गेटवे आपलं वेगळं शुल्क लावू शकतो, ते करारापूर्वी लेखी विचारून घ्या. वर्षातून एकदाच वर्गणी घेणाऱ्या मंडळाने ‘पैसे भरा’ या बटणामागे साधा यूपीआयचा दुवा ठेवला, तर १४ तासांचे ११,२०० रुपयेही वाचतात आणि टक्केवारीही. रोज ऑर्डरी घेणाऱ्या फराळवालीला मात्र गेटवे परवडतो, कारण नावं जुळवत बसायला तिच्याकडे वेळ नाही.

एक आगाऊ सूचना. ‘मंडळाच्या निधीसाठी १०१ रुपये’ हा चौकोन आधीच टिक करून ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. ग्राहकाच्या संमतीविना बिलात देणगी सरकवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या ‘डार्क पॅटर्न्स’च्या १३ प्रकारांपैकी एक आहे. ‘नाही, मला संस्कृतीची पर्वा नाही’ अशा मजकुराचं बटण हा दुसरा. नियम धंदा म्हणून वस्तू-सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत, मंडळाला ते लागू होवोत न होवोत, असले चाळे सभासदांना लगेच दिसतात.

माहिती मागतानाही हात आखडता घ्या. आधार क्रमांक कोजागरीच्या दुधाला लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट आहे. म्हणून चित्रकला स्पर्धेचा फॉर्म पालकांच्या नावावर उघडावा, मुलाचं फक्त नाव आणि वयोगट पुरे.

करार आणि तक्रार

एका पानाचा करार पुरतो, पण एक वाक्य त्यात हवंच: कोडचा कॉपीराइट मंडळाला लेखी दिला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचा पहिला मालक तो लिहिणारा असतो, पैसे तुम्ही दिले म्हणून कोड तुमचा होत नाही. मुदत लिहिली नाही, तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं, म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्दही घाला. डोमेन मंडळाच्या ईमेलवर घ्या, चिटणिसांच्या भाच्याच्या नको. पैसे तीन हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता वरच्या तपासणीनंतरच सोडा.

काम बिघडलं आणि माणूस फोन उचलेनासा झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर शुल्क शून्य. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही दाद मागता येते, त्यामुळे गुरुग्रामच्या माणसाला नोएडाच्या वेबवाल्यासाठी यमुना ओलांडायला नको. अडचण दोन ठिकाणी येते. धंद्यासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही, आणि स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी काम करणाऱ्याचा अपवाद २०१९ च्या कायद्यात वस्तूंपुरताच लिहिलेला आहे, म्हणजे फराळवालीला दाद मिळेलच असं नाही. आणि २०१७ मध्ये प्रतिभा प्रतिष्ठानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली ट्रस्टला तक्रारदार मानलं नव्हतं. मंडळ सोसायटी म्हणून नोंदलेलं असेल, तर बाजू भक्कम असते. ट्रस्ट असेल, तर आधी वकिलाला विचारा.

दरपत्रकात बहुधा नसलेली, पण हवीच अशी एक ओळ शेवटी: फॉर्म बंद कसा होणार? मुदत संपल्यावर पानावरून बटण लपवणं म्हणजे बंद करणं नव्हे. ज्याच्या मोबाइलवर पान आधीच उघडं आहे, तो ते दाबू शकतो आणि नोंद येते, म्हणून नकार सर्व्हरने द्यायला हवा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. मुदत ‘३१ तारखेची मध्यरात्र’ अशी टाकली आणि भारतीय वेळ सांगितली नाही, तर फॉर्म १ तारखेला पहाटे साडेपाचपर्यंत चालू राहतो. हे काम एका तासाचं आहे, ८०० रुपये. पहिल्या दरपत्रकातच लिहून घ्या.